धुळाच्या माळावरची शिशाची नाणी

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाही पटली तर सोडून द्या. पण माझ्या मामांना खोटारडं म्हणायचं काम नाही.

आणि भूत म्हटलं की तुम्हाला मध्यरात्र लागते. इथं मिळायची नाही! हे घडलं टळटळीत दुपारी, बाराच्या सुमाराला. साल १९४६, चैत्र महिना, दहिवडीच्या पुढं माणच्या उघड्या माळावर.

माझे थोरले मामा नाथाजी सांगलीत एका खाजगी संग्रहालयात कारकून होते. जुनी नाणी आली की साफ करायची, कागदी पाकिटात घालायची आणि पाकिटावर लिहायचं... नाणं कुठं सापडलं, कुणाला सापडलं.

त्या वर्षी माण भागातल्या एका इनामदारानं चाळीस नाणी भेट दिली. शिशाची, धनुष्यबाणाचा छाप, दोन हजार वर्षांपूर्वीची. साहेब म्हणाले, "लिही, इनामदारांच्या वाड्यातली, वडिलोपार्जित."

मामांनी लिहिलं. नाण्यांवर पांढरी माती घट्ट बसली होती, ती चिंचेनं घासून काढली. वर स्वतःवरच खूश झाले.

इनामदारानं गावात मारलेली बढाई ऐकून आठ दिवसांनी बनाबाई आली. माणची मेंढपाळ बाई, खांद्याला पिशवी. दारातूनच कडाडली.

"कोन हाय रं त्यो, माज्या धन्याला चोर लिवनारा?"

तिच्या नवऱ्याला, धुळाला, मेंढरं चारताना माळावर मडकं दिसलं होतं. निघाली तेवढी नाणी त्यानं घोंगड्यात बांधून आणली, मडकं तिथंच पुरलं. इनामदार म्हणाला, माझ्या वाड्यातनं चोरली. धुळा तुरुंगात गेला आणि तिथंच मेला. त्याला सहा वर्षं झाली. गावात तिच्या पोरांना अजून 'चोराची पोरं' म्हणत.

"आवं, वाड्यातल्या पेटीत ठेवलेल्या नाण्यावर माती कशी बसंल? मडकं अजून माळावर हाय. जागा तेवढी त्येलाच ठावं हुती."

मामांनी मोरीकडं बघितलं. माती! ती तर चिंचेच्या पाण्याबरोबर मोरीत गेली होती. पुरावा त्यांनी आपल्या हातांनी धुऊन टाकला होता.

साहेब हसले. "मडकं आण, मग बघू. नाहीतर गप नोकरी सांभाळ."

"आणतोच," मामा म्हणाले.

तिसऱ्या दिवशी मामा आणि बनाबाई कुदळ घेऊन माळावर उभे होते. तीनशे एकर माळ. कुठं म्हणून खणणार? सकाळपासून दहा ठिकाणी खणलं. दगडाशिवाय काही नाही.

बारा वाजत आले.

वारा पडला.

पाखरांचा आवाजही थांबला... आणि मग...

खण्... खण्...

"मेंढरं आली जनू," मामा म्हणाले.

चारी बाजूंनी बघितलं. माळ मोकळा. शेळी नाही, मेंढी नाही, माणूस नाही.

बनाबाईचा चेहरा उतरला. "ही आमच्या म्होरक्या मेंढीची घंटा."

तिनं पिशवीत हात घालून एक पितळी घंटा काढली. आत लोळाच नव्हता. "धनी गेला तवा मीच काढून टाकला. त्या दिसापास्नं ही मुकी हाय."

घंटा तिच्या हातात होती. गप्प.

आणि आवाज पुढून येत होता... खण्... खण्...

मामांना पळावंसं वाटलं; हे त्यांनी कधी नाकारलं नाही. पण आता पळालो तर धुळा जन्माचा चोर ठरला, हेही त्यांना कळत होतं.

"चला," ते म्हणाले. "बोलावतोय तर जाऊ."

चार पावलं टाकली असतील...

गुडघ्याला काहीतरी घासून गेलं. मऊ. ऊबदार.

मग दुसरं. मग तिसरं. मग अख्खा कळपच दोन्ही अंगांनी चालल्यासारखा. लोकरीचा वास नाकात भरला. दिसत मात्र काहीच नव्हतं.

मागून कुणीतरी हाळी दिली... "हुर्र्र... या गं, या..."

बनाबाई जागीच थांबली. डोळ्यांतून धारा लागल्या. "मागं बघू नगा, नाथाजीराव. त्योच हाय. फकस्त चाला."

आवाज एकदम बंद झाला.

समोर कोरडी जमीन. तिच्यावर लेंड्यांचं भलं मोठं गोल रिंगण, रात्रभर मेंढरं बसवल्यावर पडतं तसं. मामांनी एक लेंडी बोटानं दाबली.

ओली होती. त्या दुष्काळात त्या माळावर वर्षभर कुणाची मेंढरं फिरकली नव्हती.

रिंगणाच्या मधोमध कुदळ मारली. हातभर खाली मडकं लागलं. आत तीच पांढरी माती. मातीत नाण्यांचे गोल गोल ठसे आणि तळाला चिकटलेलं एक नाणं. धनुष्यबाणाचं.

बनाबाई वळली आणि वाड्याच्या दिशेनं ओरडली, "बघ रं इनामदारा! ये, बघ आता!"

सांगलीला मामांनी मडकं साहेबांच्या टेबलावर ठेवलं. शेजारी बनाबाईनं ती मुकी घंटा ठेवली.

साहेबांनी एक नाणं मातीतल्या ठशावर ठेवून बघितलं. "खरं असेल. पण इनामदारांना दुखवता येणार नाही. पाकिटं आहेत तशी राहू देत."

"खोटं मी लिवलं, खरंबी मीच लिवनार," मामा म्हणाले. "काढायचं तर काढा नोकरीवरनं!"

आणि तिथंच बसून चाळीस पाकिटं नव्यानं लिहिली. सापडलं: माणचा माळ. कुणाला: धुळा, मेंढपाळ.

साहेबांनी खोडायला टाक उचलला...

खण्.

टेबलावरची घंटा जागची हलली नव्हती.

साहेबांनी टाक खाली ठेवला. तो पुन्हा उचलला नाही.

बनाबाईला वाचता येत नव्हतं. "ह्यात त्यो कुटं हाय?" मामांनी तिचं बोट धरून नावावर ठेवलं. मग तिनं एकेक करून चाळीसही पाकिटांवरून बोट फिरवलं. घंटा तिथंच ठेवून ती गेली.

ती घंटा त्या खोलीत रोज बाराला वाजायची, असं मामा सांगायचे. मी एकदा विचारलं, "मामा, नावावरचा डाग गेला, मग अजून कशाला येतो?"

मामा उसळले. "येऊ दे की! सोताचं नाव बघाय येतोय. चोर म्हननाऱ्यांनी भ्यावं, आपन कशाला?"

आणि बोलता बोलता त्यांनी गुडघ्यापाशी धोतर झाडलं... लोकर चिकटल्यासारखं.

मी नीट बघितलं. तिथं काहीच नव्हतं.