टोपलीचं वजन

किहीमच्या किनाऱ्यावर तासभर पळून, उन्हातही जाड जॅकेट घातलेली तेजस्वी बंदरावर आली आणि सरळ विनेशच्या मासळीच्या काट्यावर चढली. विनेश हातात टोपली घेऊन बघतच राहिला.

"वजन सांग... आणि हसू नकोस."

"अडुसष्ट," तो न हसता म्हणाला.

तिचं तोंड एवढंसं झालं. कबड्डीची जिल्हा निवड पंधरा दिवसांवर, आणि कुमारी गटाला मर्यादा पासष्टची. एकोणीस वर्षांची ही पोर चढाईला गेली की चौघींना ओढत मध्यरेषेला हात लावायची. पण संघाचे प्रशिक्षक सर एकदा तिच्या मांड्यांवरून बोलले, आणि बाईसाहेबांनी आरसा सोडला, भातही सोडला.

मग ती रोज येऊ लागली. दोन शब्दांचे वीस झाले. ती यायच्या आधी विनेश साबणाने दोनदा हात धुवायचा, आता काय म्हणावं याला! आठव्या दिवशी काटा सहासष्टवर आला, पण उतरताना तिला भोवळ आली. त्याने हात धरला तर गारढोण. दोन दिवस ती नुसत्या लिंबूपाण्यावर होती.

दुसऱ्या दिवशी काट्याने चौसष्ट दाखवले. हरखून ती घरी गेली आणि पोटभर कालवण-भात जेवली. तिच्या तोंडावर रंग आला, सरावात पायांत जोर आला. विनेश मात्र आकडा सांगताना तिच्याकडे बघेना.

निवडीच्या तीन दिवस आधी त्याने कबूल केलं. मासळी तोलताना काट्यावर रिकाम्या टोपलीचे दोन किलो आधीच वजा करून ठेवतात. तिला भोवळ आली त्यानंतर तिच्या वेळीही त्याने ते मुद्दाम वजा केलेलेच ठेवले होते.

"तू जेवावंस म्हणून केलं. चुकलंच माझं... पन तुला अशी झिजताना बघवत न्हवतं, तेजू."

"मी विश्वास ठेवला होता तुझ्यावर," म्हणून ती निघून गेली.

घरी तिने पुन्हा लिंबूपाणी केलं. पेला धरताच भोवळीच्या दिवशीचा गारढोण हात आठवला, आणि तिला भीती वाटली ती वजनाची नव्हे, त्या हाताची. तिने पाणी ओतून दिलं आणि सरांना सांगितलं, मी महिलांच्या खुल्या गटात उतरते, तिथे पंच्याहत्तरपर्यंत चालतं. तिथे थोराड बायका असतात, बाकावर बसशील, सर म्हणाले. बसेन, ती म्हणाली.

निवडीच्या संध्याकाळी सोललेल्या गुडघ्यांनी ती काट्यावर चढली.

"टोपली वजा करू नकोस."

त्याने शून्य दोनदा तपासलं. "सदुसष्ट."

"राखीव म्हणून घेतलंय मला. आणि राग अजून गेलेला नाही."

"मग?"

"मग... रोज येईन. वजन करायला नाही."

त्याने उतरायला हात पुढे केला. तिने तो धरला, आणि उतरल्यावरही सोडला नाही. आज तिचा हात उबदार होता.