गाडीच्या तोंडाकडून

हात्सुएबाई जिना चढून आल्या आणि उभ्याच राहिल्या.

"माझा जावई मूर्ख आहे," त्या म्हणाल्या. "पण चोर नाही."

छत्रीवाल्याच्या दुकानावरच्या त्या खोलीत कझाहाया रित्सूचं शोधाचं काम चाले. नवऱ्यांवर पाळत ठेवायची, हरवलेल्या सुना शोधायच्या, असलं काम. रित्सूची पन्नाशी उलटली होती आणि जीभ अजून बोथट झाली नव्हती. मदतीला मोमोसे. जन्मभर आगबोटीवर तिकिटं तपासलेला, सरळ मनाचा माणूस. विचार करायला त्याला भात शिजायला लागतो तेवढा वेळ लागे.

"बसा," रित्सू म्हणाली. "आधी झालं काय ते सांगा. शिव्या मागाहून."

हात्सुएबाई बसल्या. मोमोसेने चहा ओतला.

"काल सकाळी जावई कोहेइ आमच्या लॉन्ड्रीची बंद गाडी घेऊन निघाला. गाडीत लग्नाचा किमोनो होता. पांढरं रेशीम, त्यावर सारस भरलेले. चढावरच्या सराईतल्या मासानोबाईंनी धुवायला दिलेला. त्यांच्या भाचीचं रविवारी लग्न आहे. मुलीच्या मेलेल्या आईचा किमोनो तो, तोच नेसून यायचा असं सासरचं सांगणं."

"मग?"

"कोहेइ म्हणतो, सराईच्या उंबऱ्यावर गठ्ठा ठेवला, हाक मारली, आतून 'ठेव तिथंच' असा आवाज आला. मग तसाच डोंगर ओलांडून पलीकडच्या इस्पितळाच्या चादरी आणायला गेला. मासानोबाई म्हणतात, गाडी आलीच नाही."

"सही घेतली नाही?"

"सराईच्या दारात धोब्याने सही मागायची? तुम्ही या गावच्या की कुठल्या?"

रित्सू हसली नाही, पण चहाचा पेला तिने खाली ठेवला.

"फौजदार म्हणतो, गाडी चढावर गेलीच नाही, उताराने बंदरावर आणि मग किनाऱ्याच्या रस्त्याने इस्पितळाला गेली," हात्सुएबाई पुढे म्हणाल्या. "जुन्या कपड्यांचा एक व्यापारी काल दुपारच्या आगबोटीने गेला, किमोनो त्याला विकला म्हणे. उद्या कोहेइला शहरात कोर्टापुढे उभं करणार आहेत. एकदा तो तिथे उभा राहिला की माझ्याकडे कुणी पायपुसणंसुद्धा टाकणार नाही. आणि माझ्या लेकीने कुणाच्या तोंडाकडे बघून... जाऊ दे. तुम्ही त्याला आजच्या आज सोडवा."

"बंदरावर जाताना कुणी पाहिलं?"

"पापड्यावाल्या ओतोवाने. नुकादा न्हाव्याकडे दाढी करून घेत होता. त्याने गाडीवरचं नाव वाचलं."

"गाडीवर नाव आहे?"

"कालच काढलं. माझ्या लेकीची हौस. सगळ्या दुकानांना परदेशी नावं, मग आपल्यालाच का नको? म्हणून 'हॅलो'. आपल्या जिभेवर त्याचं होतं 'हारो'. सकाळी रंगारी आला, परदेशी शब्दांच्या काताकाना लिपीत तीन लाल अक्षरं काढली. आधी छपरासारख्या दोन तिरक्या रेघा, मग चौकोन, मग स्वर लांबवायची आडवी रेघ. तीन अक्षरं, पण माणूस महाबिलंदर. एकच कागद कापला. डाव्या अंगाला लावून रंग फासला, तोच कागद पालथा करून उजव्या अंगाला लावला. झालं. मजुरी मात्र दोन्ही अंगांची. त्यात आमचे जावईबापू ओल्या रंगाला बाही घासून गेले. डावीकडच्या चौकोनाला हे एवढं शेपूट. पुसायलाही थांबला नाही, तसाच निघाला."

"गाडी आता कुठे आहे?"

"कालपासून पोलिसांच्या आवारात, ताडपत्रीखाली. मलासुद्धा बघू देत नाहीत."

रित्सूने शाल घेतली.

मोमोसे वाटभर हिशेब मांडत होता. पुलापाशी आल्यावर तो म्हणाला, "बाई, फौजदाराचं बरोबर आहे."

"कसं?"

"गाडीवर नाव लिहायचं ते तोंडापासून शेपटाकडे, अशी आपली रीत. डाव्या अंगाला ते सुलटं वाचता येतं, उजव्या अंगाला उलटं. लॉन्ड्रीची गल्ली न्हाव्याच्या बरोबर समोर निघते. गल्लीतून गाडी चढाकडे वळली तर न्हाव्याला तिचं उजवं अंग दिसणार, म्हणजे नाव उलटं. उताराकडे वळली तर डावं अंग, म्हणजे नाव सुलटं. ओतोवाने सुलटं वाचलं असेल तर गाडी बंदरावरच गेली."

"छान," रित्सू म्हणाली. "आता सुलटं वाचलं का, ते विचारू."

ओतोवा निखाऱ्यावर पापड्या उलटत होता. हात थांबला नाही.

"मी खोटं बोलत नाही. कोहेइशी माझं वाकडंही नाही. माझे कामाचे कपडे तोच धुतो."

"गाडी जाताना पाहिलीत?"

"जाताना कुठली? उभी होती. बस जाऊ देत असावी. नुकादाने तोंडावरचा गरम टुवाल काढला, डोळे उघडले, तर नाकासमोर लाल अक्षरं. हारो. म्हटलं, हात्सुएबाईंना म्हातारपणी इंग्रजी सुचलं. तेवढ्यात त्याने दुसरा टुवाल टाकला."

"म्हणजे गाडीचं तोंड कुठे होतं ते पाहिलं नाहीत."

"अक्षरांनीच खिडकी भरली होती. फौजदाराने विचारलं, सुलटं वाचलंत की उलटं? मी म्हटलं, सुलटं. दुकानाची पाटी वाचावी तसं. बाकी त्यानेच काढलं."

"चौकोनाला शेपूट होतं?"

"कसलं शेपूट? लख्ख होता. पापडी घ्या, करपायच्या आत."

मोमोसेने घेतली. रित्सूने घेतली नाही.

नुकादाच्या दुकानात खुर्ची एकच. तिच्या पुढ्यात भिंतभर आरसा, आणि पाठीमागे रस्त्याकडची मोठी खिडकी. खिडकीच्या कडेला टांगलेल्या दिनदर्शिकेवरचं चित्र आरशात दिसत होतं, आकडे तेवढे उलटे.

"काकांची दाढी करून द्या," रित्सू म्हणाली.

"माझी? सकाळीच केलीय," मोमोसे म्हणाला.

"सकाळी कुणी केली?" नुकादाने विचारलं.

"मी."

"दिसतंय," नुकादा म्हणाला आणि त्याने टुवाल वाफेत धरला.

दाढी होईपर्यंत रित्सू बाकावर बसून रस्ता पाहत होती. एकदा खिडकीकडे पाही, एकदा आरशाकडे. मोमोसे गुळगुळीत होऊन उठला तेव्हा तिने एकच प्रश्न केला.

"नुकादासान, गिऱ्हाईक बसलं की खुर्ची फिरवता कधी?"

"फिरत नाही ती. बापाच्या वेळची आहे. गंजलीय."

सराईत मासानोबाई स्वतः दाराशी आल्या. केस घट्ट बांधलेले, ओटा स्वच्छ पुसलेला. मागे त्यांची भाची चिझुरू पाहुण्यांच्या गाद्या उचलत होती. रविवारी ती लग्न करून समोरच्या बेटावर जाणार, मग या गाद्या कुणी उचलायच्या हा प्रश्न त्या घरात न विचारताच सगळीकडे पडलेला दिसत होता.

"काल तुम्ही घरातच होता?"

"मी कुठे जाणार? चिझुरू बाजारात गेली होती. मी एकटी होते. कुणी आलं नाही."

"लॉन्ड्रीची गाडी वरून गेलेली दिसली?"

"गेलीच नाही तर दिसेल कशी? काल दिवसभर तिची सावलीसुद्धा इकडे पडली नाही."

"मुलीचं लग्न आता?"

"वसंतात करू. सासरच्यांना किमोनो हवा होता, तोच नाही. माझ्या बहिणीची तेवढीच खूण होती." त्यांनी पदरासारखी बाही डोळ्यांना लावली. "चूक माझीच. विश्वास ठेवला. ज्यांना आपलं नाव शेपूट न फुटता लिहिता येत नाही, त्यांच्या हाती रेशीम द्यावं का?"

"खरं आहे," रित्सू म्हणाली. तिने वाकून निरोप घेतला.

बाहेर पडल्यावर मोमोसे म्हणाला, "बिचारी."

"हो," रित्सू म्हणाली. "फौजदाराला सांगा, गाडी न्हाव्याच्या दारात आणा. ताडपत्री काढून. आणि सगळ्यांना बोलवा."

दुपार कलली होती. नुकादाच्या छोट्या दुकानात उभं राहायला जागा उरली नाही. फौजदार, ओतोवा, हात्सुएबाई, मासानोबाई आणि त्यांच्या मागे चिझुरू. कोहेइ दोन शिपायांमध्ये मान खाली घालून उभा. बाहेर एक शिपाई गाडी घेऊन गल्लीच्या तोंडाशी थांबलेला.

"ओतोवासान, काल बसला होतात तसे बसा," रित्सू म्हणाली.

तो बसला. नुकादाने टुवाल टाकला. रित्सूने खिडकीतून हात हलवला. गाडी वळली आणि खिडकी भरून उभी राहिली.

"काढा टुवाल. काय दिसतं?"

"हारो. कालच्यासारखंच. सुलटं."

"आता उठून खिडकीबाहेर बघा."

ओतोवा उठला, वळला, आणि तसाच उभा राहिला. गाडीवर आधी आडवी रेघ होती, मग चौकोन, मग छप्पर.

"हे उलटं आहे," तो म्हणाला.

"उलटंच. गाडीचं उजवं अंग आहे ते. तोंड कुठे आहे, फौजदारसाहेब?"

फौजदाराने मान लांब केली. "चढाकडे."

"ओतोवासान खोटं बोलले नाहीत. त्यांनी गाडी पाहिली ती आरशात. खुर्ची फिरत नाही, रस्ता पाठीमागे, आणि ते म्हणतात अक्षरं नाकासमोर होती. मग दुसरीकडे कुठे दिसणार?"

"पण आरशात अक्षरं उलटी दिसतात," मोमोसे म्हणाला. "ती दिनदर्शिका पाहा ना."

"म्हणूनच तर फसले. आरशातलं उलटं दिसतं हे पोरालाही ठाऊक. सुलटं दिसलं, म्हणजे ते आरशातलं नाही, असं मन ठरवून टाकतं. पण या तीन अक्षरांची गंमत रंगाऱ्याला कळली होती. छप्पर, चौकोन, आडवी रेघ. पालथी केली तरी तशीच राहतात, क्रम तेवढा फिरतो. म्हणून एका कागदात त्याचं भागलं. उजव्या अंगाला क्रम आधीच उलटा, आरशाने तो पुन्हा उलटवला आणि सुलटा झाला. दुसरं कुठलं नाव असतं तर ओतोवासान लगेच चक्रावले असते."

"आणि चौकोन लख्ख होता," ओतोवा हळूच म्हणाला.

"शेपूट डाव्या अंगाला आहे. बंदराकडे जाणारी गाडी असती तर तेच दिसलं असतं. म्हणजे गाडी चढावर गेली."

फौजदाराने घसा खाकरला. "गेली असेल. म्हणून सराईत गठ्ठा दिला असं होत नाही."

"होत नाही," रित्सूने मान्य केलं. "आता उरलं ते शेपूट. गाडी सकाळपर्यंत कोरी होती. ओल्या रंगाने निघाली, या रस्त्याने एकदाच गेली, पलीकडून परतली ती थेट तुमच्या ताडपत्रीखाली. डाव्या अंगाचं शेपूट हात्सुएबाईंना ठाऊक, कोहेइला ठाऊक. तुम्ही कुणाला बोललात?"

"मी कशाला बोलू? मी ते पाहिलंच आत्ता," फौजदार म्हणाला.

"चढावर जाणारी गाडी सराईच्या दाराला डावं अंग लावून उभी राहते. मासानोबाई म्हणाल्या, दिवसभर गाडीची सावलीही पडली नाही. आणि त्याच दमात म्हणाल्या, आपलं नाव शेपूट न फुटता लिहिता येत नाही यांना."

नुकादाने वस्तरा पुसला. तो स्वच्छच होता.

"मावशी," चिझुरू म्हणाली.

मासानोबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. आरशात पाहिलं. आरशात चिझुरू होतीच.

"हिवाळी गाद्यांच्या कपाटात आहे," त्या म्हणाल्या. "गठ्ठा सोडलासुद्धा नाही. मला वाटलं, लॉन्ड्रीवाले माफी मागतील, लग्न वसंतावर जाईल. तोवर तरी पोर घरात राहील, मग वसंतात पाहू म्हटलं. पोलीस येतील असं वाटलं नव्हतं. आले, मग तोंड उघडेना."

"आणि उद्या हा कोर्टात गेला असता, तेव्हा उघडलं असतं?" हात्सुएबाईंनी विचारलं.

त्यांनी कोहेइच्या दंडाला धरलं, बाहीवरचा लाल डाग पाहिला आणि म्हणाल्या, "चल. हे धुऊन निघतं का बघू."

रविवारी चिझुरू पांढरा किमोनो नेसून बंदरावर निघाली. दुसरी झाकलेली गाडी गावात नव्हती, म्हणून हारो लॉन्ड्रीचीच घेतली. ती मागायला मासानोबाई स्वतः गेल्या होत्या, दारात गुडघे टेकून. हात्सुएबाईंनी त्यांना बराच वेळ उठू दिलं नाही. मग चहा दिला.

सराईच्या दारातून गाडी उताराला लागली. रित्सू आणि मोमोसे मासानोबाईंसोबत सराईच्या दाराशी, रस्त्याच्या कडेला उभे होते.

"इथून ते उलटं दिसतं," मासानोबाई म्हणाल्या.

"उलटं नाही ते," रित्सू म्हणाली. "गाडी जिकडे निघाली, तिकडून वाचायचं."

मासानोबाईंनी डोळ्यांवर हात धरला. गाडी वळणाआड जाईपर्यंत त्यांनी ते तिकडून वाचलं.