पांघरुणाचा कोपरा

लाइट काही इतक्यात येत नाही. बसा इथेच गच्चीवर. चेतन, तो मोबाइलचा उजेड बंद कर आधी, डोळ्यांत मारतोयस. आणि तनया, तू बी.कॉम. होऊन आता नर्सिंगला निघालीस ना? मग ऐकच. माझ्या मित्राच्या घरची गोष्ट आहे. खोटी वाटली तर खुशाल उठून जा, जिना तिकडे आहे. अंधार आहे, एवढंच.

माझा मित्र अनिरुद्ध, चित्रकलेचा मास्तर. त्याचा मुलगा सलिल हॉटेल मॅनेजमेंट शिकला, बऱ्यापैकी हॉटेलात लागला. लॉकडाउनमध्ये ते हॉटेल बसलं आणि या पठ्ठ्यानं तिशीच्या तोंडावर नर्सिंगला नाव घातलं. अनिरुद्धनं त्याच्याशी बोलणंच टाकलं. "एवढं शिकवलं ते लोकांचं हगणं-मुतणं काढायला?" म्हणे. पुढे मास्तरांना हार्ट अटॅक आला आणि हडपसरच्या ज्या हॉस्पिटलात नेलं, त्याच वॉर्डात सलिल ड्यूटीवर! आता घ्या.

शेजारच्या खाटेवर वाघोलीचे दत्तोबा होते. शेतकरी गडी, तोंडाला उसंत नाही. दोघांचं चांगलं जमलं. दत्तोबा रोज म्हणायचे, "मास्तर, आपुन दोघं संगंच घरी जायाचं. मला एकट्याला सोडून जायाचं न्हाई, हां." मास्तर म्हणायचे, "वचन."

गेल्या वर्षी दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी मी मऊ भाताचा डबा घेऊन गेलो. बघतो तर दत्तोबांची खाट रिकामी. सलिलनं मला बाजूला घेतलं. "काका, दुपारी गेले ते. बाबा तेव्हा तपासणीला खाली होते. त्यांना धक्का नको म्हणून दुसऱ्या वॉर्डात हलवलंय असं सांगितलंय. तुम्हीही तेच सांगा." मी मान हलवली.

खाट मात्र त्यानं अशी सजवली होती की बघत राहावं. चादरीला एक सुरकुती नाही, पांघरुणाचा कोपरा त्रिकोणी उलटलेला. उल्का सिस्टर ड्यूटी संपवून निघाल्या होत्या, त्या थबकल्या. "सलिल, माणूस गेला की गादी दुमडून ठेवायची. सकाळपर्यंत तशीच. इथली पद्धत आहे."

तो हसला. "सिस्टर, हॉटेलातली सवय. पाहुणा झोपायला यायच्या आधी कोपरा उलटतात. एकटा असेल तर एका बाजूचा, दोघं असतील तर दोन्ही बाजूंचे. म्हणजे, या, झोपा."

"कोणाला 'या' म्हणतोयस?" सिस्टरांनी विचारलं. तेवढ्यात कुठलीशी बेल वाजली, तो पळाला आणि गादी तशीच राहिली.

पुढचं सलिलनं मला सांगितलं. सांगताना पोरगा घामानं भिजला होता.

रात्री एक वाजून गेलेला. वॉर्डातले मोठे दिवे बंद. हा टेबलाशी बसलेला. पडद्यामागून कोणीतरी हळूच हसलं. बाबा हसत होते. कित्येक वर्षांत त्यानं ते हसणं ऐकलं नव्हतं. बरं वाटलं त्याला.

मग बोलणं ऐकू आलं.

"हो हो, वचन दिलंय ना. निघू की."

मध्ये शांतता. समोरचा काहीतरी बोलतोय, एवढ्या वेळाची.

"थांबा. चपला घालतो."

सलिल धावला. पडदा सारला. बाबा पाय सोडून बसलेले. सलाईनची सुई उपसलेली. मनगटावरून रक्त ठिबकतंय. एका पायात चप्पल.

"बाबा, कुठे निघालात?"

"अरे, दत्तोबा आलेत बघ परत. चला म्हणतायत. मी म्हटलं, मुलगा इथेच आहे, त्याला सांगून निघतो."

सलिलनं शेजारी पाहिलं. खाटेवर कोणी नव्हतं. पण पांघरूण... ओढून घेतलेलं. उशी मधोमध दबलेली.

तो बघत असतानाच ती उशी... बाबांच्या बाजूला दबली.

सिस्टरांचं बोलणं आठवलं. गादी. दुमडायची. त्यानं कड धरून उचलली. उचलेना. एरवी एका हातानं उचलायचा. दोन्ही हात लावले. जागची हलेना. मागे बाबांची दुसरी चप्पल वाजली.

"बाबा, थांबा!"

"ते थांबत नाहीयेत रे..."

बाबांनी हात पुढे केला. आणि त्यांची बोटं... मिटली. कोणाच्या तरी हातावर.

सलिलला रडू फुटलं. त्यानं गादी सोडली, बाबांच्या कमरेला मिठी मारली. "दत्तोबा, चूक माझी आहे. मी बोलावलं नव्हतं तुम्हाला. बाबांना नेऊ नका... पाया पडतो..."

काही नाही.

काहीच नाही...

मग शेजारची खाट करकरली. कोणी उठावं तशी. बाबा त्याच्या खांद्यावर कोसळले आणि म्हणाले, "सलिल, सोडू नकोस रे मला." त्यानं एका हातानं बाबांना धरलं, दुसऱ्या हातानं गादी ओढली. झटक्यात दुमडली.

बाबा वाचले. तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज मिळाला. त्या सकाळी वहिनींनी घरची खाट झाडली, गादीवर साधी चादर घातली, घडी केलेलं पांघरूण पायथ्याशी ठेवलं. मी तिथेच उभा होतो. कुलूप लावून, ओढून बघून, आम्ही दोघं हॉस्पिटलात गेलो. येताना रिक्षात अनिरुद्ध रिक्षावाल्याला, त्यानं न विचारताच, सांगत होता, "हा माझा मुलगा. नर्स आहे. यानं वाचवलं मला." सलिल बाहेर तोंड करून बसला होता, डोळे पुसत.

कुलूप वहिनींनीच उघडलं. आत पहिला सलिल गेला आणि झोपायच्या खोलीच्या दारातच थांबला. मागे वळला, बाबांना तिथेच खुर्चीत बसवलं.

"काका," मला म्हणाला, "खाट कोणी लावली?"

मी डोकावलो. अनिरुद्धची खाट. एका माणसाची, अरुंद. चादरीला एक सुरकुती नाही. पांघरूण नीट पसरलेलं.

कोपरे उलटलेले... दोन्ही बाजूंचे.