डाव्या बाजूची शिवण

"ताई, नीट शिवलेला ब्लाउज दोनदा परत येत नसतो. पोरीला एकदा एकटीला विचारा."

शालिग्राम मास्तर हे म्हणाले तेव्हा मी टाचण्या मोजून डबीत टाकत होते. लगीनघाईत अंग कमी-जास्त होतंच मास्तर, असं म्हणून मी विषय उडवून लावला.

देवासला माझं लग्नाच्या कपड्यांचं दुकान आहे. नवं शिवणं थोडं. उसवून बेतून देणं, करवल्यांचे ड्रेस अंगाबरोबर करणं जास्त. मास्तर तीस वर्षं मशीनवर आहेत.

आठ दिवसांनी धारहून उदाजीराव आले आणि त्यांनी तोच ब्लाउज काउंटरवर टाकला.

"तिसऱ्यांदा उसवलाय. तुमचं काम कच्चं, की कुणी करणी करतंय?"

मेधा त्यांच्या वारलेल्या भावाची मुलगी. शुक्रवारी तिचं लग्न, मुलगा धामनोदचा. नवरीचा ब्लाउज आपोआप उसवतो, ही कुजबुज तिथवर पोचली होती. उदाजीरावांनी ब्लाउज कपाटात कुलपात ठेवला होता, किल्ली त्यांच्याच खिशात. घरातल्या कात्र्या, सुऱ्या, सुयासुद्धा कडीकुलपात. त्याच कपाटात त्यांच्या मुलीचा, अंकिताचा, करवलीचा ड्रेस होता. त्याला धक्काही नव्हता.

माझ्या दुकानावर लतिकाताईंचं ऑफिस आहे. लग्नाआधीच्या चौकशा करून देतात. मी त्यांना खाली बोलावलं. उदाजीरावांनी काम सोपवलं आणि वर बजावलं, "नाव हवंय मला. मग मी बघून घेतो."

ते गेल्यावर लतिकाताईंनी ब्लाउज उलटा केला. तिन्ही वेळा डावीच शिवण, कमरेपासून वर सहा इंच. कापड कुठेच कापलेलं नव्हतं. टाका टाका उचकून दोरा काढलेला, भोकं ताणलेली. अस्तरावर बारीक तपकिरी ठिपके होते.

"हुकांचा गंज," मी म्हटलं.

"हुक पुढे आहेत. हे काखेखाली आहेत."

मग त्यांनी मापांची वही मागितली. बाही आधी चार इंच, मग कोपरापर्यंत, मग मनगटापर्यंत. कंबर तीस, एकोणतीस, साडेसत्तावीस. वैशाखात पूर्ण बाही? त्यांनी विचारलं. मी म्हटलं, फॅशन आहे. बाह्यांचं दोन्ही वेळा मालनकाकूंनीच सांगितलं होतं, उदाजीरावांच्या बायकोने. पडद्याआड मेधाबरोबर त्या असायच्याच.

"पहिल्या ट्रायलच्या दिवशी आणखी काही झालं होतं?"

त्या दिवसाचं मला एकच आठवत होतं. माझा मनन दीड वर्षाचा आहे, मिळेल ते तोंडात घालतो, म्हणून मी रोज चाळीस टाचण्या मोजते. त्या दिवशी एकोणचाळीस भरल्या. निळ्या डोक्याची एक नव्हती. मी घाबरून त्याचा एक्स-रे काढून आणला. काही निघालं नाही, आणि टाचणीही सापडली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही धारला गेलो. उदाजीराव समोरून हलेनात. माझा संशय अंकितावर होता. तिचा रंगावरून रुसवा झाला होता.

"मला जांभळा हवा होता, मिळाला गुलाबी," अंकिता म्हणाली. "म्हणून काय मेधाताईचा ब्लाउज उसवू? सुईत दोरा ओवता येत नाही मला, माझा थोरला भिया अजून चिडवतो. आणि कपाट बाबाच उघडतात. ताई रोज संध्याकाळी पाच मिनिटं घालून बघते, तेव्हा ते दाराशी असतात."

मेधाने मान वर केली नाही. आपल्याला काही माहीत नाही, एवढंच म्हणाली.

लतिकाताई उठल्या आणि उदाजीरावांना म्हणाल्या, "दोष दुकानाचा. दोरा कुजका होता."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दोरा मी स्वतः इंदूरहून आणते.

"पण करणीचं म्हणाल, तर नजर असतेच. उद्या मुलीला दुकानात आणा. पडद्याआड घरची बाई नको. तरच शिवण टिकेल."

हे मात्र त्यांना लगेच पटलं.

दुसऱ्या दिवशी ते पडद्याबाहेर खुर्ची टाकून बसले. आत मेधा, लतिकाताई आणि मी. लतिकाताईंनी मास्तरांना खूण केली. मास्तरांनी कापड न लावताच मशीन सुरू केलं. त्या आवाजाखाली लतिकाताई माझ्याकडे बघत हळू बोलू लागल्या.

"नासवायचं असतं तर कुणीही फाडलं असतं. इथे कापड जपलंय, म्हणजे ब्लाउज दुरुस्तीला जावा एवढीच इच्छा. किल्ली काकांकडे. कपाटाबाहेर तो फक्त हिच्या अंगात असतो. अंगात असताना उजव्या हाताला डावी शिवणच मिळते, तीही कमरेपासून वर, हात पोचेल तेवढी. घरात कात्री नाही, सुई नाही. होती ती तुझी हरवलेली टाचणी. ती कातडीला टोचली, तो गंज नव्हे, रक्त आहे. कंबर उतरत गेली, बाह्या वाढत गेल्या. बाही काय झाकते, सांग."

लतिकाताई मेधाकडे वळल्या.

"मेधा, तुझा फोन काकांनी काढून घेतलाय ना? बाहेर पडायला तुला शिंप्याचंच दुकान उरलं होतं. दोनदा आलीस, दोनदा काकू आत होत्या."

मेधाने परकराच्या नेफ्यातून निळ्या डोक्याची टाचणी काढून माझ्या तळहातावर ठेवली. मग बाही वर सरकवली. मनगटापासून खांद्यापर्यंत जुने पिवळे आणि नवे काळेनिळे वळ होते.

"मी लग्नाला नाही म्हटलं," ती म्हणाली. "तेव्हापासून जेवण पण एकदाच."

"किती वर्षांची आहेस?"

"तेवीस."

"मग तुझं नाही म्हणणं पुरेसं आहे. मागच्या गल्लीत महिला पोलीस उभी आहे. जायचंय?"

मेधाने मान डोलावली. मी मागचं दार उघडलं.

"झालं का?" बाहेरून उदाजीरावांनी विचारलं.

"शेवटची शिवण आहे, भियाजी," मास्तर म्हणाले, आणि गल्लीतली जीप निघून जाईपर्यंत त्यांनी मशीन थांबवलं नाही.

मेधा आता सुरक्षित जागी आहे. डबीत टाचण्या चाळीस आहेत. पण मास्तरांचं मी तेव्हाच ऐकलं असतं, तर ते नवे काळेनिळे वळ तिच्या हातावर नसते.

तुमच्या ओळखीत लग्न ठरलेली अशी कुणी असेल, जी भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्या घालते आणि कधीच एकटी भेटत नाही, तर आज तिच्याकडे जा. ब्लाउजचं निमित्त काढा, मेंदीचं काढा. बरोबरच्या बाईला चहा ठेवायला पाठवा, दार लोटा, आणि तिला एकदा एकटीला विचारा.