तेराव्याच्या वहाणा

लाइट काही इतक्यात येत नाही. आणि पुना, पोरा, तो पाय हलवणं थांबव आधी. आमच्या कापसाच्या जिनिंगमधल्या भटूची गोष्ट ऐकलीस, तर पुन्हा हलवणार नाहीस.

सत्त्याऐंशी साल, माघ महिना. भटू नरडाण्याहून शिरपूरला गेला, चुलतभावाच्या, यादवच्या तेराव्याला. जेवला, घाईत दारातल्या वहाणा पायात सरकवल्या आणि शेवटची एसटी पकडली. सकाळी पाहतो तर वहाणा आपल्या नाहीत. कोऱ्या करकरीत. यादवच्या नावाने दानाला ठेवलेल्या. मेलेल्याला पुढच्या वाटेवर काटे बोचू नयेत म्हणून देतात ना, त्या. परत द्यायची शरम वाटली. कोनाड्यात ठेवून दिल्या.

त्या रात्रीपासून पाय झोपेनात. आडवं झालं की पोटऱ्यांत काहीतरी सरपटायचं, उठून चाललं की थांबायचं. मग काय, रोज रात्री वहाणा चढवून स्वारी बाहेर. त्याची बायको द्रौपदाबाई, ती कशाला गप्प बसते? कुठे जाता, विचारलंच.

"रातले कथा जातस तुम्ही?"

"पायमां मुंग्या चालतस. चालनं का बरं वाटस."

"त्या मुंगीनं नाव काय शे?"

तिने माहेरी जायला पेटी भरली. भटू घाबरला. तिलाच घेऊन धुळ्याच्या डॉक्टरकडे गेला.

डॉक्टर म्हणाला, "ताई, हा खरा आजार आहे. रात्रीच बळावतो, चाललं की निवतो. यांच्या रक्तात लोह कमी आहे. गोळ्या द्या, चहा कमी करा."

दोन महिन्यांत पाय शांत झाले. पेटी माळ्यावर गेली. डॉक्टर खोटं बोलला असं मी म्हणत नाही. पण...

चैत्रातली अवस. रात्रीचे सव्वादोन. द्रौपदाबाईला जाग आली. अंगणात पावलं. इकडून तिकडे... तिकडून इकडे... उठला वाटतं हा पुन्हा. तिने गोधडीत हात घातला.

दोन्ही पाय तिथेच. ऊबदार. गाढ झोपलेले.

पावलं दाराशी आली. थांबली.

"कोन शे?"

...

सकाळी कोनाड्यात त्या दानाच्या वहाणा नव्हत्या. उंबऱ्यापाशी भटूच्या स्वतःच्या होत्या, शिरपूरला राहिलेल्या. अंगठ्याला द्रौपदाबाईनेच निळ्या दोऱ्याचा टाका घातलेला. तेराव्याच्या आदल्या दिवशी भटूने त्यांना टायरचा नवा तळ ठोकून घेतला होता. टायरचा तळ चार-चार वर्षं झिजत नाही.

तिने त्या उलट्या करून पाहिल्या. दोन्हींचा टायर झिजून आरपार भोकं पडली होती.