कोपराचा दुसरा फोटो

टेबल टेनिसची फायनल परवावर आलेली आणि मी उजव्या कोपरावर आपटले. तेही खेळताना नाही, जिन्यात, ताईला माझी नवी सर्व्हिस करून दाखवताना! "या, चॅम्पियन, या," म्हणत ती दवाखान्यापर्यंत मला चिडवत होती, पण माझं दप्तर तिनेच घेतलं होतं.

एक्स-रेची खोली थंड होती आणि स्पिरिटचा वास येत होता. एक्स-रेवाल्या काकू भलत्याच शिस्तीच्या. त्यांनी स्टूल इतकं खाली घेतलं की माझा खांदा टेबलाच्या पातळीत आला. "खांदा, कोपर, मनगट, सगळं एका रेषेत. कोपर काटकोनात. अंगठा वर."

"भूमितीचा तास आहे की काय?" मी म्हटलं.

काकू हसल्या नाहीत. काचेआड गेल्या. टक् झालं.

पडद्यावर माझं हाड. त्यात केसाएवढी तिरकी रेघ आणि शेजारी नखाच्या तुकड्याएवढी कपची. "मोडलंय," काकू म्हणाल्या. संपली माझी फायनल. रडायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण नाक ऐकेना.

दुसरा फोटो हात सरळ ठेवून, तळवा वर करून काढायचा होता. हात सरळच होईना. "धरायला कोणीतरी लागेल," काकू म्हणाल्या. ताईने शिशाचा जड एप्रन चढवला आणि माझी बोटं धरली.

"हळूच ओढते हं. ओरडलीस तर गावभर सांगेन."

तिने ओढलं. कोपरात काहीतरी सरकलं, ड्रॉवर बाहेर यावा तसं, अगदी अलगद. दुखणं थांबलं. हात सरळ!

फोटोत रेघ नव्हती. कपचीही नव्हती. काकूंनी काटकोनातला फोटो पुन्हा काढला. हाड अखंड. त्यांनी जुना फोटो नव्याशेजारी लावून पाहिला. मी मात्र खोलीभर हवेत फोरहँड मारत सुटले.

"ताई, चल ना घरी!"

ताईला एप्रनचा बंद सुटत नव्हता. तिचा उजवा हात काटकोनात होता. अंगठा वर.

काकूंनी तिचा एप्रन उतरवून ठेवला, डॉक्टरांना फोन करून विचारलं आणि ताईचा फोटो काढला. तीच तिरकी रेघ. तीच कपची, त्याच जागी.

"आता सरळ हाताचा," काकू हलक्या आवाजात म्हणाल्या. ताईचा हात हलेना. "धरायला..." त्यांनी एप्रनकडे पाहिलं.

मी एप्रन उचलला.

"वेडी आहेस का? परवा फायनल आहे तुझी!" ताईच्या ओठांवरचा रंग उडाला होता.

"असू दे गं. पुढच्या वर्षी पण असते."

मी तिची बोटं धरली आणि ओढलं. पुन्हा तसंच काहीतरी अलगद सरकलं. या वेळी माझ्यात आलं.

ताईचा हात सरळ झाला. फोटो स्वच्छ आला. ती हसली. मीही हसले, जरा दात आवळूनच.

काकूंनी स्टूल पुन्हा माझ्या उंचीला आणलं. खांदा, कोपर, मनगट. टक्. पडद्यावर रेघ.

"आता दुसरा फोटो," त्या म्हणाल्या. "धरायला कोण?"

मी ताईकडे पाहिलं. नुसतंच, सवयीने.

तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले.