भाग न जाणारी गाडी

अंबडच्या कोर्टासमोर, भर उन्हात, मी एका अनोळखी मोटारसायकलीपुढं उकिडवी बसले होते. ओठांतल्या ओठांत भागाकार चालू होता... सातनं न्हाई, अकरानं न्हाई, तेरानं—

"मॅडम, काय गुन्हा केला हो माझ्या गाडीनं?"

चहाचा ग्लास घेऊन तो मागं उभा होता, हसू दाबत.

"नंबर बघून राह्यले," मी कपडे झटकत म्हणाले. "९९७३. चार आकड्यांतली सगळ्यात मोठी मूळ संख्या! एक आणि ती स्वतः, बाकी कुणानंच भाग जात न्हाई. पाठ आहे मला, पण खात्री केलेली बरी. सत्त्याण्णवपर्यंत तपासावं लागतं."

"मंग चालू द्या. थांबतो मी."

आणि गडी खरंच थांबला! मी सत्त्याण्णवला पोचेस्तोवर त्याचा चहा गार झाला. तिथंच मी फसले.

तो हरिओम, वडीगोद्रीचा. जालन्याला एमआयडीसीत बियाण्यांच्या कंपनीत कामाला. मी दैवशाला, अंबडच्या कॉलेजात गणित शिकवते. मग कामावरून परतताना त्याची गाडी रोज कोर्टासमोरच्या चहाच्या हॉटेलापाशी थांबू लागली, आणि मलाही नेमकी तेव्हाच चहाची तल्लफ येऊ लागली. गप्पांत कळलं, तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान. लोक काय म्हणतील? मी घाबरले आणि 'तुम्ही'ला घट्ट धरून बसले.

एका संध्याकाळी त्यानं सरळच विचारलं, "आपलं जमंल का, मॅडम? जिंदगीभराचं म्हणून राह्यलो मी."

घाबरून माझी जीभ वळली गणिताकडं. "मी... तुमच्या नंबरासारखी आहे. कुणानंच भाग जात न्हाई."

त्याचा चेहरा उतरला. "बराबर," एवढंच म्हणाला, किक मारली आणि गेला.

त्यानंतर गाडी थांबेनाच. शेवटी हॉटेलवाले भारतभाऊ म्हणाले, "रविवारी पोरगी बघायला चाललाय त्यो. भोकरदनला."

खुळी मी! त्या नंबराची अर्धीच गोष्ट सांगून बसले होते.

शनिवारी कंपनी सुटल्यावर ९९७३ येताना दिसली, तशी मी सरळ आडवी गेले. कचकन ब्रेक लागला.

"मरायचंय का, मॅडम?"

"आधी ऐकून घे! भाग जात न्हाई, खरंय. पण बेरीज होते. ब्याऐंशीचा वर्ग आणि सत्तावन्नचा वर्ग, दोन्ही मिळून बराबर ९९७३. आणि अशी एकच जोडी आहे. दुसरी शोधून सापडायची न्हाई."

त्यानं इंजिन बंद केलं. माझं 'घे' त्यानं बरोबर टिपलं होतं.

"गणित येत न्हाई मला," तो हळूच म्हणाला. "सोपं करून सांगा."

"उद्या जाऊ नको... मला तू पाहिजेस."

त्यानं खिशातून मोबाइल काढला. "आई, भोकरदनवाल्यांना नको म्हून सांग. हां, बिलकुल नको... घरी येऊन सांगतो."

मोबाइल ठेवून त्यानं विचारलं, "ह्यातलं ब्याऐंशी कोण?"

"मी," मान खाली घालून मी म्हणाले. "मोठी आहे ना तुझ्याहून."

"त्याच्यापायी अडलं व्हतं व्हय?" तो मोकळा हसला. रुमालानं मागची सीट पुसली.

"बस, ब्याऐंशी."

भर रस्त्यात, सगळ्या अंबडादेखत, मी बसले.